जुन्या ॲनिमेशनपटांच्या मर्यादित आवृत्तीच्या प्रिंट्स : निवडणं, मागवणं आणि गोव्याच्या पावसात सांभाळणं

शाईची रेघ (पणजी)

नमस्कार मंडळी,

हल्ली व्यक्तिगत निरोपांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने येतोय. जुन्या ॲनिमेशनपटांवरच्या मर्यादित आवृत्तीच्या आर्ट प्रिंट्स घ्याव्यात का, कुठल्या घ्याव्यात, आणि घेतल्याच तर आपल्या हवेत टिकतात का? प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहिते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. कोपऱ्यात पेन्सिलीने घातलेला क्रमांक पाहून प्रिंट घेऊ नका. मूळ चित्रपट कुठल्या हाताने रंगवला गेला होता आणि प्रिंट ज्या तंत्राने छापली आहे ते तंत्र त्या हाताला न्याय देतं का, एवढं पाहा. बाकी सगळं त्यानंतर.

कशाबद्दल बोलतोय तेही स्पष्ट करते, कारण जाहिरातींत सगळं एकत्र कालवलेलं असतं. चित्रपट लागला तेव्हा जाहिरातीसाठी ऑफसेटवर हजारोंनी छापलं ते पोस्टर. चित्रपट बनताना ज्या पारदर्शक शीटवर पात्र रंगवून कॅमेऱ्याखाली ठेवलं ते सेल. आणि चित्रपट येऊन गेल्यावर, बहुधा कित्येक दशकांनी, आजच्या एखाद्या चित्रकाराने त्यावर नव्याने काढलेलं चित्र ठरावीक संख्येत छापून, क्रमांक घालून, सही करून विकतात ती आर्ट प्रिंट. हा धागा तिसऱ्या प्रकाराचा.

ॲनिमेशनमधली चित्रं संग्राहकांना विकण्याची कल्पना जुनी आहे. १९३७ च्या 'स्नो व्हाइट'नंतर लगेच, १९३८ पासून, सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्व्हाझिए गॅलरीने त्यातली सेल्स माउंट करून विकायला घेतली. एरवी स्टुडिओत सेल्स धुऊन पुन्हा वापरत किंवा टाकून देत. १९५५ साली डिस्नेलँड सुरू झालं तेव्हा तिथल्या आर्ट कॉर्नरमध्येही सेल्स किरकोळ किमतीला मिळत. नव्याने काढलेल्या स्क्रीनप्रिंट्सची, म्हणजे ताणलेल्या जाळीतून एकेक रंग ओढून छापलेल्या प्रिंट्सची, लाट मात्र अलीकडची. तिच्यात अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराच्या माँडो या प्रिंट्स काढणाऱ्या कंपनीचा वाटा मोठा. विक्रीची नेमकी वेळ ते आधी सांगत नसत आणि प्रिंट्स आल्या की मिनिटांत संपत. त्या घाईतूनच आकड्यांचं वेड वाढलं, असं मला वाटतं.

आकड्यांचं एकदाच सांगते. ३७/१५० म्हणजे दीडशेपैकी सदतिसावी. ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे तांब्याच्या प्लेटवर सुईने ओरखडून केलेल्या छपाईत, प्लेट झिजत जाते, म्हणून सुरुवातीचे ठसे अधिक दमदार येतात आणि तिथे लहान क्रमांकाला अर्थ आहे. स्क्रीनप्रिंटमध्ये तसं काही होत नाही. एकेक रंग चढवताना, वाळवताना गठ्ठे पुढेमागे होतात आणि सही शेवटी होते. १ क्रमांकाची प्रत पहिली छापलेली असेलच असं नाही. त्या क्रमांकासाठी जादा पैसे मागणारे भेटतात, त्यांना नाही म्हणा. 'एपी' (आर्टिस्ट्स प्रूफ) म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी राखलेल्या प्रती. त्या मोजक्या असतात, पण छपाई तीच.

आता मला खरंच प्रिय असलेल्या भागाकडे येते.

१९५९ च्या 'स्लीपिंग ब्यूटी'चं रूप आयविंड अर्ल या चित्रकाराने ठरवलं. सरळसोट उभी झाडं, भूमितीत बसवलेली झुडपं, जवळचं पान आणि दूरचा किल्ला दोन्ही सारखेच लख्ख. मध्ययुगीन युरोपातल्या भिंतीवरच्या विणलेल्या चित्रांचा आणि हस्तलिखितांतल्या चित्रांचा अभ्यास त्यामागे होता. सपाट रंग, धारदार कडा, थरावर थर हे सगळं स्क्रीनप्रिंटच्या स्वभावातलं आहे. पुढच्या आयुष्यात अर्ल स्वतःच त्या तंत्राकडे वळला आणि आपल्या निसर्गचित्रांच्या आवृत्त्या काढत राहिला, यात नवल नाही. 'सिंड्रेला' (१९५०), 'ॲलिस' (१९५१) आणि 'पीटर पॅन' (१९५३) यांसाठी मेरी ब्लेअरने गॉशमध्ये (अपारदर्शक जलरंगात) केलेल्या रंगकल्पनाही तशाच. गडद पार्श्वभूमीवर एखादाच पेटता गुलाबी किंवा पिवळा. या चित्रपटांवरची प्रिंट घ्यायची तर स्क्रीनप्रिंटच घ्या.

'बॅम्बी' (१९४२) त्याच्या अगदी उलट. त्यातलं जंगल टायरस वाँगचं. चीनमध्ये जन्मलेला हा चित्रकार, सुंग काळातल्या चिनी निसर्गचित्रांची ओढ असलेला. प्रत्येक पान काढण्याऐवजी त्याने धुकं, उजेड आणि चार फटकाऱ्यांत अख्खं रान उभं केलं. ते विरघळत जाणारे रंग स्क्रीनप्रिंटमध्ये ठिपक्यांत मोडतात आणि धुक्याची जाळी होते. तिथे सुती कागदावरची चांगली जिक्ले, म्हणजे पिगमेंट शाईची इंकजेट प्रिंट, कितीतरी सरस ठरते. 'स्नो व्हाइट' आणि 'पिनोकिओ'मधली गुस्टाफ टेंगग्रेनची जलरंगातली गावं आणि रानं यांनाही हेच लागू. 'जिक्ले म्हणजे नुसता प्रिंटर' असं म्हणून नाक मुरडणारे संग्राहक वाँगच्या चित्रपटावर अन्याय करतात.

आणि १९६१ चा '१०१ डाल्मेशियन्स'. झेरॉक्सने रेघ थेट सेलवर उतरवायचं तंत्र पूर्ण लांबीच्या अख्ख्या चित्रपटभर पहिल्यांदा तिथे वापरलं. हाताने शाई फिरवताना गुळगुळीत होणारी रेघ तिथे पेन्सिलीसारखी खरखरीत राहिली. पार्श्वभूमीतही रंगाचा पट्टा एकीकडे आणि रेघ थोडी दुसरीकडे. या चित्रपटावर प्रिंट करताना ज्याने रेघ साफसूफ करून रंग काटेकोर भरला, त्याने चित्रपट नीट पाहिलेलाच नाही.

तुमच्याकडे काय आहे, काय घ्यायचं मनात आहे, लिहा.

मांडवीकाठ (रायबंदर)

वाखूसा (वाचनखूण साठवली)! वाँगबद्दल वाचून आधी 'बॅम्बी' पुन्हा लावला. सुरुवातीच्या रानात खरंच पानं मोजता येत नाहीत.

ताई, प्रिंट हातात आल्यावर ती स्क्रीनप्रिंट आहे की जिक्ले हे घरी कसं ओळखायचं? विक्रेते दोन्हींवर 'म्युझियम क्वालिटी' लिहितात.

शाईची रेघ

दहापट भिंग घ्या, पोस्टाची तिकिटं पाहणारे वापरतात तेच. स्क्रीनप्रिंटमध्ये सपाट रंग भिंगाखालीही सपाट दिसतो, कड स्वच्छ असते. जिथे दोन रंग एकमेकांवर आलेत तिथे कागद तिरका धरला की थराची किंचित उंची दिसते. जिक्लेत सगळीकडे बारीक फवारा दिसेल, उंची नाही. आणि चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसली तर ते ऑफसेट. ते चित्र सुंदर असू शकतं, पण आर्ट प्रिंटची किंमत देऊ नका. शाईला बोट लावू नका, घाम लागला की डाग राहतो.

सदा_सांखळी

आमचा धंदा लग्नपत्रिकांचा. वडिलांच्या काळापासून स्क्रीनवर. म्हणून जरा आतलं लिहितो.

प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन. जाळीवर इमल्शन (उजेडाने घट्ट होणारा लेप) लावायचं, पॉझिटिव्ह (त्या रंगाचं चित्र असलेली पारदर्शक फिल्म) ठेवून उजेड द्यायचा, धुवायचं, मग स्क्वीजीने, म्हणजे रबरी पट्टीने, शाई ओढायची. एक रंग सगळ्या कागदांवर मारून झाला की ते रॅकवर वाळत घालायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसरा रंग. गणपतीची पत्रिका दोन रंगांत होते, कुंकवाचा लाल आणि सोनेरी. त्यातही लाल अर्धा मिलिमीटर सरकला तर गणपतीचं गंध भुवईवर जातं आणि गिऱ्हाईक पत्रिका परत करतं.

पावसात तर कागद दमट होऊन फुगतो. सकाळी पहिला रंग मारला, संध्याकाळी दुसरा मारायला गेलो की तोच कागद लांबीला वाढलेला असतो. मग एका कोपऱ्यात रंग बरोबर बसतो आणि समोरच्या कोपऱ्यात सरकतो. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही मोठ्या मापाचं बहुरंगी काम घेतच नाही.

बारा रंगांची चोवीस बाय छत्तीस इंची प्रिंट पाहिली की मला आधी चित्र दिसत नाही. बारा वेळा तोच कागद त्याच जागी बसवणारा माणूस दिसतो. चित्रकाराची सही असते, छापणाऱ्याची कुठे असते?

शाईची रेघ

सदाभाऊ, हा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा आहे. छापणाऱ्याची खूण काही प्रिंट्सवर असते. खालच्या कोपऱ्यात शाईशिवाय उठवलेला छोटा ठसा पाहा, तो छापखान्याचा. जिथे असा ठसा आहे किंवा छापणाऱ्याचं नाव वर्णनात दिलं आहे, त्या आवृत्तीवर माझा विश्वास जास्त बसतो. छापलेल्या प्रतींतल्या काही छापणाऱ्याकडे राहतात, त्यांवर 'पीपी' (प्रिंटर्स प्रूफ) लिहिलेलं असतं.

चिरेबंदी (फोंडा)

माहिती चांगली आहे, पण माझा प्रामाणिक प्रश्न आहे. परदेशी कार्टूनच्या चित्रांवर एवढा पैसा का घालावा? आपल्याकडे मारियो मिरांडांची चित्रं आहेत. लोटलीचा माणूस, अख्खा गोवा त्याने रेषेत पकडला. त्याच्या प्रिंट्स पणजीत सहज मिळतात.

दुसरं असं की आमच्या देवघरात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होती. तिच्यावर ना क्रमांक ना सही. घराघरांत तीच होती आणि म्हणूनच ती आपली होती. चित्र छापायचंच तर सर्वांना मिळेल असं छापावं. मुद्दाम दीडशेच छापून इतरांना वंचित ठेवण्यात कलेचं काय भलं होतं?

शाईची रेघ

काका, मारियोंच्या प्रिंट्स माझ्याही भिंतीवर आहेत, आणि त्या घेऊ नका असं मी कुणालाच सांगणार नाही.

रविवर्मांचा मुद्दा मोलाचा आहे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला तो छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावरून एकामागून एक रंग चढवून ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी छापील चित्रं, निघत. सदाभाऊ सांगतात तेच कष्ट, फक्त प्रती अमाप. चांगली छपाई आणि मोठी संख्या एकत्र नांदू शकतात हे त्या लक्ष्मीने दाखवलंच आहे. म्हणून तर मी म्हणते, संख्येकडे पाहू नका.

पण आजच्या हातछपाईत एक अडचण असते. बारा रंगांचं काम दोन-तीन माणसं हाताने करतात तेव्हा काही शे प्रतींपुढे त्यांची ताकदच जात नाही. तिथली मर्यादा खरी असते. याउलट जिक्ले मागणीनुसार कितीही निघते. तिथे 'फक्त ५० प्रती' हा निव्वळ विक्रेत्याचा निर्णय. काही प्रकाशक ठरावीक दिवसांत जितक्या मागण्या येतील तितक्याच छापतात. ती पद्धत मला सर्वांत न्याय्य वाटते, ज्याला हवी त्याला मिळते.

नारळीपोफळी (काणकोण)

छपाईवरून आठवलं. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यातच आला, आणि फादर स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, रोमन लिपीत. चिरेबंदीकाका, छापील कागदाशी गोव्याचं नातं जुनं आहे, मग तो विषय परदेशी का असेना!

दाबोळी_बंदर

मागवण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आयातीच्या कागदपत्रांचं काम बरीच वर्षं केलं आहे.

विक्रेते बिलावर 'ओरिजिनल आर्ट प्रिंट' लिहितात आणि घेणाऱ्याला वाटतं की ड्युटी कलाकृतीची लागेल. टॅरिफमध्ये, म्हणजे आयातशुल्काच्या यादीत, ९७०२ हे शीर्षक मूळ एनग्रेव्हिंग, प्रिंट आणि लिथोग्राफसाठी आहे खरं, पण त्यासाठी प्लेट चित्रकाराने पूर्णपणे स्वतःच्या हाताने केलेली असावी लागते. यांत्रिक किंवा फोटोच्या प्रक्रियेने केलेलं त्यात बसत नाही. जिक्ले अर्थातच बसत नाही, आणि फोटो इमल्शनने केलेली स्क्रीनप्रिंटही अडते. मग ती ४९११ मध्ये, म्हणजे छापील चित्रांत जाते. दर बदलत राहतात, मागवण्याआधी त्या दिवसाचा दर पाहा आणि प्रिंट, पाठवणी, विमा या सगळ्यांची बेरीज करून मगच ठरवा.

विक्रेत्याला 'गिफ्ट' लिहायला सांगू नका. खरी किंमत आणि खरं वर्णन असेल तर पार्सल अडलं तरी सोडवता येतं. नळी जाड पुठ्ठ्याची आणि रुंद व्यासाची मागा, आणि आत प्लॅस्टिकची पिशवी हवीच. पावसाळ्यात पार्सल ओल्या अंगणात पडून राहतं.

मांडवीकाठ

माझी एक नळी अशीच अंगणात भिजली. कुरियरचं नाव लिहीत नाही. पिशवी होती म्हणून प्रिंट वाचली.

जुनी पानं (मडगाव)

माझं काम जुने कागद आणि दप्तरं जपण्याचं. धागाकर्तीने 'टिकतात का' असं विचारलं आहे, त्यावर नीट लिहिते. कारण मी पाहिलेल्या प्रिंट्सपैकी बहुतेक चोरांनी किंवा उन्हाने नाही, फ्रेमने खराब केलेल्या आहेत.

गोव्यात पावसाळाभर हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर असते. पासष्ट-सत्तरच्या वर ती सतत राहिली की बुरशीला पोषक होते. कागदाला पन्नासच्या आसपास बरं वाटतं. आधी एक साधा आर्द्रतामापक घ्या, स्वस्त असतो. प्रिंट ठेवायची त्या खोलीत तो महिनाभर ठेवा. बऱ्याच घरांत एक खोली दुसरीपेक्षा कितीतरी कोरडी निघते आणि ती दिवाणखाना नसते.

भिंत निवडताना चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर असेल तर बाहेरची भिंत टाळा, विशेषतः पावसाच्या माऱ्याची पश्चिमेकडची. चिरा पाणी ओढतो आणि ते सावकाश आत सोडतो. आतली भिंत घ्या. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना रबराचे किंवा बुचाचे तुकडे लावा म्हणजे मागून हवा खेळेल. भिंतीला चिकटलेल्या फ्रेमच्या मागेच पहिली बुरशी येते.

फ्रेमवाल्याशी बोलताना लाजू नका. चार गोष्टी नको म्हणून स्पष्ट सांगा : दुहेरी टेप, गोंद, गरम दाबून बोर्डवर चिकटवणं, आणि मागे एमडीएफ किंवा प्लाय. प्रिंट फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगायची. खालची कड मोकळी. कागद पावसात फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो, त्याला हलायला जागा हवी. पुढे ॲसिडमुक्त माउंटची खिडकी, म्हणजे काच शाईला टेकत नाही. टेकली आणि आत दव धरलं की शाई काचेला चिकटते, मग ती काढताना चित्र फाटतं. काचेऐवजी अतिनील किरण रोखणारं ॲक्रिलिक मिळालं तर उत्तम.

रात्री एसी, दिवसा बंद, असं रोज होणाऱ्या खोलीत प्रिंट लावू नका. आर्द्रता दिवसातून दोनदा वर-खाली होण्यापेक्षा थोडी जास्त पण स्थिर असलेली परवडते. डिह्युमिडिफायर असेल तर तो पावसाळाभर चालू ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या खोक्यात उपयोगी आहेत, पण आपल्याकडे त्या फार लवकर भरतात. रंग बदलला की वाळवून घ्या. डांबराच्या गोळ्या फ्रेममध्ये किंवा खोक्यात मुळीच नकोत.

बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती कागदात खोल जाते. प्रिंट इतरांपासून वेगळी करा, कोरड्या हवेत ठेवा, ठिपके कोरडे झाल्यावर तोंडाला मास्क लावून घराबाहेर मऊ कुंचल्याने झटका. मौल्यवान असेल तर तेही करू नका, जाणकाराकडे द्या.

नळीतून आलेली प्रिंट लगेच उलट गुंडाळून सरळ करायचा मोह होतो. शाईला तडे जातात. स्वच्छ कागदांच्या मध्ये सपाट ठेवून वर समान वजन ठेवा आणि थांबा.

सदा_सांखळी

ताई, फ्रेमवाल्यांना दाखवायला हा प्रतिसाद छापून लावतो दुकानात.

पावशा (डिचोली)

माझ्याकडे एक सेल आहे, म्हणजे छापील सेरीसेल, जुन्या डिस्नेपटाची. गेल्या पावसापासून फ्रेममधून व्हिनेगरसारखा वास येतो. फ्रेमचा वास असेल का?

जुनी पानं

नाही, तो शीटचाच आहे. ती सेल्युलोज ॲसिटेटची असते. उष्णता आणि दमटपणात ॲसिटेट मोडतं आणि ॲसिटिक आम्ल सुटतं, वास त्याचाच. ते आम्ल मोडण्याचा वेग आणखी वाढवतं, म्हणून बंद फ्रेममध्ये कोंडलं की लवकर बिघडतं, आणि शेजारच्या सेललाही लागतं. आजच फ्रेम उघडा, सेल एकटी, हवेशीर, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका. झालेलं नुकसान परत येत नाही, पण वेग नक्की कमी होतो.

शाईची रेघ

पावशा, वाचून वाईट वाटलं. लवकर उघडा. याच कारणासाठी मी किनारपट्टीवर राहणाऱ्या प्रत्येकाला सांगते : कागद घ्या, सेल नको. कॅमेऱ्याखाली गेलेली सेल जवळ असण्याचा आनंद मोठा आहे हे मान्य. पण ती आपल्या हवेसाठी नाही.

कुळागर (सावईवेरे)

मी चित्रकलेची विद्यार्थिनी. हडफड्याच्या रात्रीच्या बाजारात स्टॉल घ्यायचा विचार आहे. जुन्या कार्टूनपात्रांवर माझ्या शैलीत प्रिंट्स काढून विकल्या तर चालतील का? 'स्नो व्हाइट' तर १९३७ चा आहे, भारतात चित्रपटाला ६० वर्षांचंच संरक्षण आहे असं वाचलं.

दाबोळी_बंदर

चित्रपटाला प्रकाशनानंतर ६० वर्षं हे बरोबर. पण पात्राचं रेखाचित्र ही वेगळी कलाकृती मानली जाऊ शकते आणि तिचं संरक्षण चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतं. शिवाय नावं आणि पात्रं यांचे ट्रेडमार्क असतात, त्यांना अशी मुदत नाही. अमेरिकेत १९२८ चा पहिला मिकी १ जानेवारी २०२४ ला मुक्त झाला, पण तो तेव्हाच्या लघुपटांतला मिकीच, आजचा नाही. स्टॉलवर विकायचं तर वकिलाला विचारल्याशिवाय नको. परवानाधारक प्रिंटवर खालच्या कडेला हक्कधारकाची ओळ छापलेली असते, घेणाऱ्यांनीही ती पाहावी.

शाईची रेघ

कुळागर, तुझा हात चांगला असेल तर दुसऱ्याची पात्रं कशाला? आपल्याकडे केवढं पडून आहे. डिस्नेत काम केलेला क्लेअर वीक्स १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाला शिकवायला आला. त्याच्याकडे शिकलेल्यांत राम मोहन होते. त्या विभागाचा 'बनियन डिअर' १९५७ चा. विजया मुळे यांचा 'एक अनेक और एकता' १९७४ चा, दूरदर्शनवर वाढलेल्या पिढीला तो तोंडपाठ आहे. युगो साको आणि राम मोहन यांचा भारत-जपान रामायणपट १९९३ चा, तो २०२५ मध्ये पुन्हा थिएटरात लागला तेव्हा लोक मुलांना घेऊन गेले. यांचेही हक्क आहेत, परवानगी लागेल. पण हक्कधारकांनी आपणहून चांगल्या चित्रकारांना बोलावून आवृत्त्या काढाव्यात असं मला फार मनापासून वाटतं.

आणि त्याही मागे जा. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली 'आगकाड्यांची मौज' केला. काड्या एकेक हलवून, एकेक चौकट टिपून. फाळके त्याआधी रविवर्मा प्रेससाठी काम करत होते, म्हणजे चिरेबंदीकाकांच्या देवघरातली लक्ष्मी आणि भारतातलं पहिलंवहिलं ॲनिमेशन यांच्यात एकच माणूस उभा आहे. इथे हक्काचा अडसर नाही.

नारळीपोफळी

काड्या म्हणजे सरळ रेषा आणि टोकाला ठिपका. कावीत किती सुंदर दिसेल! आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर लाल मातीचा थर देऊन, तो खरवडून आतला पांढरा चुना उघडा करतात, तेवढे दोनच रंग.

सदा_सांखळी

म्हणजे एक स्क्रीन. फार तर काडीच्या गुलासाठी दुसरी. हे माझ्याकडे होईल.

शाईची रेघ

कुळागर, चित्र तू काढ. काड्यांची कल्पना फाळक्यांची, मांडणी सगळी तुझी. स्टॉलवर तीच ठेव. कागद मी आणते, तीनशे ग्रॅमचा सुती, किंचित पिवळसर, म्हणजे चुन्याच्या जवळ जाईल. सदाभाऊ, दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की?

कुळागर

ताई, हो! कच्ची रेखाटनं या आठवड्यात टाकते इथे.

चिरेबंदी

माझी एक प्रत आत्ताच धरा. आणि जितक्यांना हवी तितक्या छापा.

सदा_सांखळी

काका, मागण्या घेऊनच छापू. कुळागरताई, दोन रंगांचे पॉझिटिव्ह वेगवेगळे, मूळ मापात द्या. चारही कोपऱ्यांत जुळवणीच्या फुल्या घाला, आणि गूल जिथे काडीला टेकतं तिथे लाल अर्धा मिलिमीटर आत शिरू दे, नाहीतर पांढरी फट दिसेल.